कोपऱ्यातली तारीख

लॅपटॉप उघडा, पण लगेच काही करू नका.

दुपार आहे असं धरू. मे महिन्यातली, खान्देशातली. रस्ता ओस पडलाय, कूलरची घरघर चालू आहे, खिडकीच्या फटीतून आलेली उन्हाची एक पट्टी फरशीवर पडली आहे. पडदा उजळला की नजर मधोमध जाते. तिला हलकेच खाली, उजव्या कोपऱ्यात आणा. तिथे बारीक अक्षरांत वेळ असते आणि वेळेखाली तारीख. ती वाचा. दिवसातून पन्नासदा आपण तिच्याकडे बघतो, वाचत मात्र नाही.

माझ्या धुळ्याच्या घरी, अशाच एका दुपारी, त्या कोपऱ्यात १ जानेवारी २०१५ होतं. रात्रीचे बारा वाजून चार मिनिटं.

तुमच्या मशीनवरही क्षणभर हीच तारीख आहे असं समजा. हसू आलं तर येऊ द्या. बोट दुरुस्तीकडे धावेल, त्याला आवरा. नुसतं बघत राहा. चाराचे पाच झाले. आता पाचाचे सहा होतील. मनात साठ मोजून पाहा: मिनिट चांगलं भरलेलं आहे. घड्याळ बंद पडलेलं नाही, अडखळत नाही, पळतही नाही. मोजणं चोख चाललंय. फक्त भलत्याच ठिकाणाहून चाललंय.

हे मला त्या दुपारी एकदम लागलं, आणि मग लॅपटॉप दुरुस्त करायचा सोडून मी त्यावरच विचार करत बसलो. तुम्हालाही तेच करायला सांगतोय. घाई नसेल तर बसा.

तारीख चुकली की आधी गंमत वाटते, मग कामं अडतात. बँकेचं पान उघडेना, वीजबिलाचं उघडेना. ब्राउझर सारखा बजावत होता की ही जागा सुरक्षित नाही. प्रत्येक संकेतस्थळाच्या दाखल्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. २०१५ सालात बसलेल्या मशीनच्या दृष्टीने तो दाखला अजून निघालेलाच नाही. समोर अजून न जन्मलेला माणूस आधार कार्ड घेऊन उभा राहिला तर आपणही दार उघडणार नाही. मशीनचं वागणं त्याच्या परीने बरोबरच होतं, म्हणून त्याच्यावर चिडताही येईना.

मी तारीख हाताने बदलली. दिवसभर ठीक. लॅपटॉप जुना, त्याची मोठी बॅटरी कधीच गेलेली. रात्री चार्जर काढला आणि सकाळी पुन्हा १ जानेवारी. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज सकाळी नवं वर्ष.

आता चूक नीट न्याहाळा, कारण घड्याळाच्या चुकांना जाती असतात. बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला तर मशीन चालतंय ठीक, त्याला आपण कुठल्या देशात आहोत एवढं सांगायचं राहिलंय. रोज एखाद-दुसरा सेकंद सांडत असेल तर तो आतल्या स्फटिकाचा स्वभाव. आणि मशीन चालू असेपर्यंत सगळं ठीक, बंद करून वीज तोडली की वर्षंच्या वर्षं पुसलेली, असं असेल तर आत एक छोटा दिवा विझलाय असं समजावं. माझ्याकडे ही तिसरी जात होती.

आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत एक दुरुस्तीवाला बसतो. मी काउंटरवर लॅपटॉप ठेवला.

“काय व्हयनं, दादा?”

“तारीख राहत नाही.”

त्याने मागचे स्क्रू काढले. पंख्यावर धुळीची गोधडी. एका कोपऱ्यात, दोन वायरींना चिकटलेला, काळ्या वेष्टनातला बटण सेल. मीटर लावला, तीन व्होल्ट हवे होते, दोनसुद्धा नव्हते. “मशीन चांगलं शे,” तो म्हणाला, “सेल मरी गया.”

सेलवर २०३२ छापलेलं होतं. मला उगाच वाटलं, हे साल असावं, सेलने स्वतःच्या मरणाची तारीख अंगावर गोंदून घेतली असावी. तसं काही नाही. वीस मिलिमीटर रुंद, तीन पूर्णांक दोन मिलिमीटर जाड, एवढाच त्याचा अर्थ.

आता डोळे मिटा. त्या सेलला आपण झोपतो तेव्हा काय काम असतं ते पाहू.

लॅपटॉप बंद आहे, पडदा काळा आहे. आत नखाएवढ्या नळीत क्वार्ट्‌झचा एक स्फटिक आहे, सूरकाट्यासारखा दोन पायांचा. तो थरथरतोय: सेकंदाला ३२,७६८ वेळा. सेलचं काम एवढंच, की ही थरथर थांबू द्यायची नाही. आणि हा आकडा कुणी लहरीने निवडलेला नाही. एका श्वासाला एकदा, तो अर्धा करत चला. सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी. श्वास सोडा. आठ हजार एकशे ब्याण्णव. चार हजार शहाण्णव. दोन हजार अठ्ठेचाळीस. एक हजार चोवीस. पाचशे बारा. घाई नको. दोनशे छप्पन. एकशे अठ्ठावीस. चौसष्ट. बत्तीस. सोळा. आठ. चार. दोन.

एक.

पंधरा वेळा अर्धं केलं की उरतो तो सेकंद. मशीनही असंच करतं, एकावर एक पंधरा पायऱ्यांनी. आपल्याला त्याला मिनिटभर लागलं, ते सेकंदाच्या आत करून पुढच्याला लागतं. मला झोप येत नसली की मी हल्ली हेच करतो. चौसष्टपर्यंत पोचलो की बहुधा लागते.

आता ऊन आठवा. हा स्फटिक पंचवीस अंशांच्या आसपास सर्वांत खूश असतो. त्याहून थंडी पडली तरी मंदावतो, उकाडा वाढला तरी मंदावतो. पंचेचाळीस अंशांत, म्हणजे जळगावच्या कुठल्याही बऱ्यापैकी मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत बंद पडून राहिलेलं असं घड्याळ दिवसाला सेकंदापेक्षा थोडं जास्त मागे पडतं. महिन्याला अर्धं मिनिट आणि वर थोडं. उन्हाळ्यात खान्देशात सगळेच मंदावतात, त्यात हेही आलं. पण वर्षं हरवतात ती या चोरीने नव्हे. त्याला सेल मरावा लागतो.

सेल मेल्यावर मशीन जागं होतं तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं. बनवणाऱ्याने एक तारीख आत कोरून ठेवलेली असते, ती ते उचलतं आणि तिथून निमूट मोजायला लागतं. ‘मला माहीत नाही’ असं म्हणायची सोय त्याच्या त्या कोपऱ्यात ठेवलेलीच नाही.

माणसांनी मात्र ती सोय ठेवली होती. धुळ्यातच इतिहासाचार्य राजवाड्यांनी आयुष्याचा शेवट घालवला. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते इथेच गेले. त्यांनी जमवलेली कागदपत्रं सांभाळणारं संशोधन मंडळ अजून या गावात आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा त्यांचा पहिला खंड १८९८ चा. जुनी मोडी पत्रं पाहिलेल्यांना ठाऊक असतं, कितीतरी पत्रांवर महिना असतो, तिथी किंवा चंद्र असतो, आणि साल नसतं. लिहिणाऱ्याला ते लिहायची गरजच वाटत नसे. जासूद पत्र घेऊन निघालाय, चार दिवसांत पोचेल, वाचणाऱ्याला साल ठाऊक आहे. दीडशे वर्षांनी कुणी ते दिव्याखाली धरेल हे कुणाच्या मनात येणार? मग संशोधकाने आतला मजकूर चाचपायचा. कोण जिवंत आहे, कुणाची स्वारी कुठे आहे, पाऊस लांबलाय का, आणि त्यावरून साल ठरवायचं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एक कागद, ज्याला साल ठाऊक नाही आणि जो गप्प आहे. एक लॅपटॉप, ज्याला साल ठाऊक नाही आणि जो ठणकावून २०१५ म्हणतोय. मला तो कागद जास्त भरवशाचा वाटतो. हा माझा जुनाट स्वभाव असेल.

अजून मागे जाऊ. धुळ्याहून चाळीसगाव, आणि तिथून डोंगराच्या पायथ्याशी पाटण. पाटणादेवीला नवरात्रात गेला असाल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, देवगिरीच्या यादवांच्या पदरचा ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. १२०७ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. बहुतेक मजकूर संस्कृत आहे, पण बाजारातल्या मालातून मठाला काय काय द्यायचं तो भाग मराठीत कोरलाय. व्यवहाराची गोष्ट लोकांना कळायला हवी ना.

त्या मठात मुलं ‘सिद्धान्तशिरोमणि’ शिकत असतील तेव्हा घटिकापात्रही शिकत असतील. तांब्याची वाटी, तळाला बारीक छिद्र, घंगाळातल्या पाण्यावर ठेवलेली. पाणी आत चढतं, वाटी भरते, बुडते: एक घटिका, चोवीस मिनिटं. दिवस-रात्रीत साठ वेळा. लग्नघरी ‘घटिका भरत आली’ म्हणतात ती हीच. मनात ती वाटी तरंगू द्या. तिला काय येतं? भरता येतं आणि बुडता येतं. किती वाजले हे तिला विचारून उपयोग नाही. पहिली वाटी सूर्य उगवताना पाण्यावर सोडली असेल तर त्या दिवसाचा हिशेब लागेल. म्हणजे हे घड्याळ रोज सकाळी नव्याने लावायचं, आणि ज्याला विचारून लावायचं तो क्षितिजावर येणार.

लीलावतीची दंतकथाही इथलीच म्हणायला हवी. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चं फारसी भाषांतर केलं, त्यात ती येते. भास्कराचार्यांच्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त एकच. वाटी पाण्यावर ठेवलेली. नवरी कुतूहलाने वाकली आणि अंगावरचा एक मोती तुटून आत पडला. छिद्र बुजलं. वाटी बुडेना, आणि सगळे आपले वाट बघत बसले. मुहूर्त टळून गेला. खरी असो-नसो, यंत्र कसं बिघडतं याची इतकी नेमकी गोष्ट मी दुसरी ऐकलेली नाही. बिघाड मोत्याएवढा, आणि घरभर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण वाटी दिसायला छान तरंगतेच आहे.

हळूच डोळे उघडा.

नवा सेल बसला. भाचा जळगावात गोलाणी मार्केटला गेला होता, त्याने येताना आणला. ही काही मौल्यवान वस्तू नव्हे. दुरुस्तीवाल्याने मशीन सुरू केलं. पुन्हा १ जानेवारी. मी त्याच्याकडे पाहिलं. “मंग? त्याले सांगनं पडी ना,” तो म्हणाला. सेल मोजणं चालू ठेवतो, कुठून मोजायचं ते बाहेरून सांगावं लागतं. इंटरनेट जोडलं की मशीन स्वतः विचारून घेतं हे खरं, पण फार दूर गेलेलं घड्याळ कधी कधी आपणहून परत यायला कचरतं. आधी हाताने जवळपास आणून सोडावं लागतं.

तारीख टाकायला माझी बोटं कीबोर्डवर गेली आणि मी खिशातला फोन काढला. आता स्वतःला विचारा: आज कोणती तारीख हे तुम्हाला कुणी सांगितलं? फोनने. फोनला टॉवरने. असं मागे मागे गेलं तर भारताची प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या आण्विक घड्याळांवर राखली जाते. ती घड्याळंही एकटी नाहीत. जगभरच्या घड्याळांशी ती ताडून पाहिली जातात. मी चाळीसपेक्षा जास्त वर्षं बरोबर तारीख सांगत आलोय, आणि त्यातली एकही मी स्वतः शोधलेली नाही. आजारपणात आठ दिवस अंथरुणावर होतो तेव्हा वार विचारावा लागला होता.

आणि प्रमाणवेळ तरी कुणाची? १ जानेवारी १९०६ पासून ती देशाला लागू झाली, साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, इथून पार मिर्झापूरकडची. मुंबई मात्र हट्टाने १९५५ पर्यंत एकोणचाळीस मिनिटं मागे राहिली. त्याच १९०६ मध्ये खान्देशाचे दोन जिल्हे झाले, पूर्वेचा जळगावला, पश्चिमेचा धुळ्याला. घड्याळ एक झालं त्या वर्षी जिल्हा फुटला. सूर्याच्या हिशेबाने या दोन गावांत तीन मिनिटांचं अंतर आहे. जळगावाहून लालपरीत बसून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला उतरलात तर अंगातली तीन मिनिटं वाटेत कुठेतरी बदललेली असतात. मनगटावरचं घड्याळ त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

लॅपटॉप आता ठीक आहे. कोपऱ्यातली तारीख राहते. तो मिटून ठेवा आणि एक काम करा, मात्र डोक्याला उपरणं बांधून.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, पंचवीस तारखेच्या आसपास, सूर्य आपल्या बरोबर डोक्यावरून जातो. गच्चीवर सपाट जागी एक काठी सरळ उभी करा. बारा वाजू द्या. सावली अजून आहे, पश्चिमेकडे, चांगली बोटभर. सव्वाबारा. ती आखडत येते. जळगावात असाल तर आणखी दहाएक मिनिटं, धुळ्यात तेरा. पायाखालची फरशी भाजते, गल्लीत कुत्रंही नाही. बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांच्या सुमाराला सावली काठीच्या बुडाशी येते आणि आत शिरते.