उघड्या चौकातले देव

चार्ल्स कोरिया हे गोव्याकडच्या कुटुंबातले, मुंबईत कारकीर्द घडवलेले वास्तुकार. भोपाळच्या मोठ्या तलावाकाठच्या उतारावर त्यांनी भारत भवन हे कलाकेंद्र रचले. १९८२ मध्ये ते खुले झाले. गच्च्या, पायऱ्या, खाली उतरलेले चौक. मोकळ्या आकाशाखाली माणसाला पावित्र्य जाणवते, अशी कोरियांची श्रद्धा होती.

मग देव चौकात की चित्रात?

पाटनगढचे चित्रकार जनगढसिंह श्याम यांनी याच भोपाळात परधान गोंड समाजाचे देव कागदावर उतरवले. बाना हे तंतुवाद्य वाजवून ज्यांना आळवायचे, ते आता रंगांत दिसू लागले. कोरियांनीच रचलेल्या भोपाळच्या विधानभवनातही जनगढसिंहांनी भिंती रंगवल्या. पूजास्थानाबाहेर आला म्हणून देव उणावतो, हे पटण्याजोगे नाही. भारत भवनात गेलात तर दालनांत शिरण्याआधी चौकात जरूर थांबा.