नकार देण्याची मुभा

पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या श्वानप्रेमींच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो : 'तातडीने रक्त हवे. लॅब, जर्मन शेफर्ड चालेल. वजन २५ किलोंच्या वर, लसीकरण पूर्ण.' कारण बहुधा गोचीड ताप. गोचिडीच्या चाव्यातून शिरलेला बॅबेशिया तांबड्या पेशी फोडतो, एर्लिकिया प्लेटलेट्स खाली आणतो. हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. निरोगी कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशी साधारण ३७ ते ५५ टक्के असतात. त्या १५ टक्क्यांवर घसरल्या की औषध लागू पडेपर्यंत जीव तगेल याची खात्री नसते. रक्त चढवून मूळ आजार जात नाही, औषधाला अवधी मिळतो, इतकंच. उंदराचं विष खाल्लेल्या कुत्र्याला तर रक्त गोठवणारे घटक प्लाझ्मातूनच लगेच मिळतात.

गंमत म्हणजे, ही विद्या आली कुत्र्यांच्याच जिवावर. सतराव्या शतकाच्या साठीत ऑक्सफर्डच्या रिचर्ड लोअरने एका कुत्र्याला रक्त काढून मरणाच्या दारात नेलं आणि दुसऱ्या कुत्र्याचं रक्त देऊन परत आणलं. १६६६ मध्ये त्याचा वृत्तांत छापला गेला. घेणारा वाचला, देणारा मेला. त्या ज्ञानाचं फळ माणसाने आधी स्वतःच्या पदरात पाडून घेतलं. ब्रिटनमध्ये प्राण्यांची रक्तपेढी चालवायला कायद्याने वाट मोकळी झाली ती २००५ मध्ये, आणि 'पेट ब्लड बँक यूके' ही धर्मादाय संस्था उभी राहिली २००७ मध्ये.

आज रक्त घेतात ते मानेच्या मोठ्या शिरेतून. केस भादरलेला रुपयाएवढा चट्टा, मालकाचा हात डोक्यावर, समोर बिस्किटाचा पुडा. दहा-पंधरा मिनिटांत ४५० मिली. पंचवीस किलोंच्या कुत्र्याच्या एकूण रक्ताचा हा जवळपास पाचवा हिस्सा, म्हणून वजनाची अट. कुत्र्यांचेही रक्तगट असतात. त्यातला डीईए १ सर्वांत महत्त्वाचा. या गटाविरुद्धची प्रतिद्रव्यं कुत्र्याच्या अंगात सहसा उपजत नसतात, त्यामुळे पहिल्या खेपेला गट न जुळूनही बऱ्याचदा निभावतं. दुसऱ्या खेपेला ते अंगाशी येऊ शकतं. धावपळीत तपासणी टाळणाऱ्यांना ही पहिली खेपच फसवते.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. होकार कोणाचा? सही मालक करतो, सुई कुत्र्याला टोचते. यावर मला पटलेलं उत्तर एकच : भूल न देता, दाबून न धरता जो शांत पडून राहतो त्याचंच रक्त घ्यावं, तो उठू लागला की थांबावं. व्हॉट्सअॅपवरच्या रात्री अकराच्या हाकेत ही मुभा कुठून असणार? समोर एक कुत्रा मरतो आहे, त्याचे मालक रडताहेत. अशा वेळी दात्याची चुळबुळ कोण मनावर घेतो! पेढी हवी ती यासाठीही. शीतपेटीत ठेवलेल्या तांबड्या पेशी महिनाभर टिकतात, गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर. दात्याच्या गोचीडजन्य आजारांच्या चाचण्या आधीच होतात, नाहीतर जीव वाचवायला चढवलेल्या रक्तातूनच बॅबेशिया जायचा. चेन्नईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात अशी पेढी आहे. परळला १८८६ पासून पशुवैद्यक शिकवणाऱ्या मुंबईने या बाबतीत चेन्नईच्या मागे राहावं, असं काही नाही.

मग कोणीतरी म्हणतंच : रस्त्यावर इतके कुत्रे आहेत, त्यांचं घ्या की! हा मोह वरवर दिसतो त्याहून वाईट. 'नको' म्हणायला तिथे मालकही नाही. नसबंदीसाठी पकडलेला कुत्रा शस्त्रक्रिया आणि लस झाल्यावर त्याच्या जागी परत सोडायचा असतो. मध्येच त्याची बाटली करून टाकायची नसते. घरी आणलेल्या गावठी कुत्र्याची गोष्ट निराळी. त्याच्या तब्येतीवर कोणाचं तरी लक्ष असतं, गोचिडीचं औषध वेळेवर पडतं. तो अडतो वजनाच्या अटीवर, कारण पुष्कळदा भरतो अठरा-वीस किलोच. पण पूर्ण पिशवी भरलीच पाहिजे असं थोडंच आहे? वजनाच्या हिशेबाने कमी रक्त घ्यायचं, न गोठू देणारं द्रावणही पिशवीत त्याच प्रमाणात ठेवायचं. सात-आठ किलोंच्या पगला तेवढं पुरतं.