सारखेपणा आणि ओळख

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमानाचे नेहमीचे उदाहरण गवयाचे. ज्याने गवय कधी पाहिला नाही त्याला रानातला जाणकार सांगतो, की गवय गाईसारखा असतो. पुढे रानात तसा प्राणी समोर येतो, ऐकलेले वाक्य आठवते आणि ‘हाच तो गवय’ असे ज्ञान होते. नाव आणि नावाची वस्तू यांचा संबंध कळणे, हे उपमानाचे फळ. अनोळखी वनस्पती ओळखणाराही याच वाटेने जातो. मात्र नुसत्या सारखेपणावर ओळख टिकते का, हा प्रश्न उरतो. युरोपातील फरगेट-मी-नॉट हे फूल तो प्रश्न नेमका पुढे आणते.

हे फूल मायोसोटिस या प्रजातीचे, कुल भोकराचे. सह्याद्रीतली निसुर्डीही याच कुलातली, पण तिची प्रजाती निराळी. कार्ल लिनियसने १७५३ साली शेतातले आणि पाणथळीतले फरगेट-मी-नॉट एकाच जातीचे दोन प्रकार म्हणून नोंदवले. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांना दोन स्वतंत्र जाती मानले. झाडे तीच राहिली, लक्षणे मात्र अधिक बारकाईने पाहिली गेली.

लक्षण म्हणजे त्या वस्तूचाच असा खास धर्म. तर्कशास्त्राने त्याचे तीन दोष सांगितले आहेत. बागांतून सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या मायोसोटिस सिल्व्हॅटिका या जातीला ते लावून पाहता येतात. ‘निळ्या फुलांची ती सिल्व्हॅटिका’ असे म्हटले तर तिची गुलाबी आणि पांढरी फुले बाहेर राहतात; ही अव्याप्ती. त्याच व्याख्येत शेतातली आर्वेन्सिसही शिरते, ही अतिव्याप्ती. ‘कांद्यापासून उगवणारी’ असे म्हटले तर ते एकाही झाडाला लागू पडत नाही, हा असंभव.

म्हणून लक्षणे जोडीने घ्यावी लागतात. फुलाखालचा हिरवा पेला, म्हणजे निदलपुंज, भिंगाखाली धरला की सिल्व्हॅटिकाचे केस बाहेर पसरलेले आणि टोकाशी आकड्यासारखे वळलेले दिसतात. पाणथळीतल्या जातीचे केस अंगाला चिकटून असतात. आर्वेन्सिसलाही आकडे असतात. पण तिचे फूल ५ मिलिमीटरपर्यंतचे व किंचित खोलगट, तर सिल्व्हॅटिकाचे त्याहून मोठे आणि सपाट असते. एक खूण एका जातीला बाजूला करते, दुसरी खूण दुसरीला.

तरीही शंका राहते. कोरड्या, निकस जमिनीत झाड खुरटते आणि फूलही लहान होते. दिसणारा फरक जातीचा की जागेचा, हे नुसते पाहून ठरत नाही. त्यासाठी झाड वाढवावे लागते. इंग्लंडमध्ये मे-जूनच्या सुमारास ओलसर मातीत बी टाकून वर मातीचा पातळ थर देतात. दोन-तीन आठवड्यांत रोपे वर येतात. हिवाळाभर जमिनीलगत केसाळ पानांचा झुपका राहतो आणि पुढच्या वसंतात फुले येतात. गुलाबी कळी उमलताना निळी होते. मधले पिवळे कडे फूल जुने होता होता फिके पडते. म्हणजे रंग हा एकाच फुलाच्या अवस्थांनुसार बदलणारा धर्म आहे. सिल्व्हॅटिका आणि आर्वेन्सिस या दोन्ही जातींचे बी एकाच वाफ्यात शेजारी शेजारी लावले, तर माती आणि पाणी सारखे असूनही जो फरक टिकतो, तो जातीचा मानायला आधार मिळतो.

येथे न्यायातली ‘जाती’ आणि वनस्पतिशास्त्रातली ‘जाती’ वेगळ्या होतात. नैयायिकांची जाती नित्य आहे. व्यक्ती नष्ट झाल्या तरी ती नष्ट होत नाही. १८५९ साली डार्विनचा जातींच्या उगमावरील ग्रंथ आला, तेव्हापासून शास्त्रातली जाती ही काळात बदलत जाणारी, बीजातून चालणारी परंपरा मानली जाते. ती एखाद्या फुलात पूर्ण दिसत नाही, पिढ्यांतून दिसते.

वैशेषिक दर्शनाच्या अनुयायांनी उपमानाला स्वतंत्र स्थान न देता ते अनुमानात घातले. वनस्पतीच्या बाबतीत त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे, कारण येथे सारखेपणानंतर हेतू, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूण, तपासावाच लागतो. तरी पहिली ओळख सारखेपणच घडवते. लक्षण तिला आवर घालते आणि लागवड तिची परीक्षा घेते. जातीचे नाव ठामपणे घ्यायचे असेल, तर फूल पाहून थांबू नये. त्याचे बी पेरावे आणि पुढच्या वसंतापर्यंत वाट पाहावी.