सुरकुती आणि आठी

फ्रेंच भाषेत सुरकुतीला 'रीद' म्हणतात. लॅटिनमधील 'रिदेरे', म्हणजे हसणे, या क्रियापदाशी त्याचे ध्वनिसाम्य इतके आहे की, सुरकुती ही हास्याचीच कन्या असावी असे मानण्याचा मोह व्हावा. परंतु व्युत्पत्तिशास्त्र या मोहाला दाद देत नाही. 'रिदेरे'पासून फ्रेंचमध्ये 'रीर' हे क्रियापद आले. 'रीद'चे मूळ मात्र प्राचीन जर्मन भाषेत असून त्याचा अर्थ पिळणे, वळविणे असा आहे. पडद्याला असलेला 'रिदो' हा शब्द याच कुळातला; वाऱ्याने पाण्यावर उठणाऱ्या बारीक लहरींनाही 'रीद'च म्हणतात.

कापडाची चुणी कोणीतरी घातलेली असते. पाण्यावरची लहर आपोआप उठते. मग चेहऱ्यावरची रेषा यांपैकी कोणती? ती आपली कृती की आपला भोग? मराठीने येथे दोन शब्द योजिले आहेत. सुरकुती पडते, आठी आपण घालतो. पहिलीचा जाब वयाला विचारावा, दुसरीचा आपणांस.

तथापि हा भेद वाटतो तितका पक्का नाही. वयोमानाने त्वचेची लवचीकता कमी होते हे खरे. पण स्नायूंच्या वारंवार आकुंचनाने पडणाऱ्या रेषाही कालांतराने कायमच्या होतात. आजची आठी ही उद्याची सुरकुती होय. भुवयांमधील रेषांवर बोटुलिनम विषाची सुई टोचण्यास अमेरिकेने २००२ साली मान्यता दिली. तिने स्नायू काही महिने शिथिल होतो. कपाळ ज्या कारणाने आक्रसले ते कारण मात्र तसेच राहते. सोळाव्या शतकातील मोंतेञ या फ्रेंच निबंधकाराला तर वार्धक्याच्या सुरकुत्या चेहऱ्यापेक्षा मनावर अधिक दिसल्या.

फ्रेंचमध्ये 'देरिदे' असे एक क्रियापद आहे. शब्दशः अर्थ सुरकुती उलगडणे. व्यवहारातला अर्थ एखाद्याची मुद्रा प्रसन्न करणे. काही रेषा दुसऱ्याच्या शब्दानेही मिटतात, हा अनुभव त्यात साठविलेला आहे.

परप्रांती अधिकारपदावर असणाऱ्या आपणांस हा विचार विशेष लागू पडतो. समोर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आपली भाषा कदाचित समजणार नाही. आपल्या कपाळावरची आठी त्याला दुभाष्यावाचून समजते. ती घालण्यापूर्वी क्षणभर थांबणे आपल्या हाती आहे, आणि तेवढ्यापुरते तरी आपण आपल्या चेहऱ्याचे धनी आहोत.