मोरपंखीची तहान

दुसऱ्याचे भले करावयाचे म्हणजे आपल्याजवळ जे विपुल आहे ते त्याला द्यावयाचे, अशी आपली एक सोयीची समजूत असते. कोकणात विपुल काय, तर पाणी. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळणाऱ्या या मुलखात आम्ही हौसेने मोरपंखी लावतो आणि तिच्यावर प्रेमही पाण्यानेच करतो.

मोरपंखी कोणाला ठाऊक नाही? मुले जिला ‘विद्या’ म्हणतात आणि जिची डहाळी पुस्तकात जपून ठेवतात, तीच ही. सूचिपर्णी वृक्षांच्या कुळातली, सदाहरित. पाने मात्र सुईसारखी नव्हेत, खवल्यांसारखी फांदीला बिलगलेली. ओल उडून जाऊ नये म्हणून केलेली ती काटकसर! तिचे मूळ घर उत्तर चीनकडचे. बीजिंगच्या स्वर्गमंदिराच्या आवारात तिच्या जातीचे शेकडो वर्षांचे वृक्ष उभे आहेत. तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा आमच्याकडे एकट्या जुलैत सहज पडून जातो.

अशा झाडाच्या बुंध्याशी पाणी तुंबले की काय होते? मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधली हवा पाण्याने हाकलून लावली की मुळे गुदमरतात, त्यांत बुरशी शिरते, ती कुजतात. आणि कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. म्हणजे पाण्यात पाय बुडवून उभे असलेले झाड वर तहानेने वाळू लागते! पाहणाऱ्याला वाटते, पाणी कमी पडले. तो आणखी एक कळशी ओततो.

आमच्या शेजारच्या काकू रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि उरलेला तांब्या मोरपंखीच्या बुंध्याशी रिकामा करतात. ऐन आषाढातसुद्धा. एकदा मी म्हटले, “काकू, पाऊस पडतोय की!”

“तो सगळ्यांसाठी पडतो, मास्तर. हे माझ्या हातचे.”

यावर काय बोलणार? मुलगे मुंबईला गेल्यापासून त्या हाताला वाढायला कोणी उरलेले नाही. तांब्या अडवावा तर म्हातारीचा सकाळचा एक आनंद जातो. न अडवावा तर झाड जाते. मी बराच विचार केला आणि झाडाच्या बाजूने उभा राहिलो. काकू आपले दुःख सांगू शकतात, झाड सांगते तेही उलट्या भाषेत. शिवाय ते आपण होऊन इथे आलेले नाही, आपण आणले. (मग आणावेच कशाला, असे विचारणाऱ्यांनी आधी ब्राझीलहून आलेल्या काजूला परत पाठवावे!)

कोकणात ती जगत नाही असेही नाही. आपण माडाला आळे करतो. हिला त्याच्या उलट, मातीत जाडी रेती आणि जांभ्याचे बारीक खडे मिसळून केलेला उंचवटा हवा. दिवसभर ऊन, चहूकडून वारा, आणि काही झाले तरी पागोळ्यांखाली जागा नको. लहान रोपाला पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी लागते, तेही बोट खुपसून माती कोरडी लागली तरच.

आतल्या बाजूची जुनी पाने दरवर्षी आपोआप तपकिरी होऊन वाळतात. तो रोग नव्हे. पण दमट हवेत ती तिथेच अडकून राहिली तर ओल धरतात, म्हणून हाताने झाडून काढावी लागतात. मी हे काम काकूंना सांगितले. आता त्या सकाळी पाटावर बसून फांद्यांत बोटे घालतात, मांडीवर पाचोळा जमतो. तांब्या अजून बाहेर येतोच. कधी तो जास्वंदीवर रिकामा होतो, कधी, मी शाळेला गेलो की, पूर्वीच्याच जागी.