रस्त्यावरचा दंड आणि क्षमेचा अधिकार

मोटार वाहन कायद्याने पोलिसाला रस्त्यावर दिलेले अधिकार मोजके आणि स्पष्ट आहेत. 1988 सालचा हा कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला आणि 2019 च्या दुरुस्तीने त्यातले बरेचसे दंड अनेक पटींनी वाढले. गणवेशातला पोलीस वाहन थांबवू शकतो, परवाना दाखवायला सांगू शकतो. कलम 206 खाली कागदपत्रे आणि कलम 207 खाली प्रसंगी वाहनच ताब्यात घेता येते. राज्य सरकारने अधिसूचनेने नेमलेला अधिकारी कलम 200 खाली तडजोड रक्कम घेऊन प्रकरण तिथल्या तिथे मिटवू शकतो. इंदूर-देवासकडे याला ‘चालान बनवणे’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘पावती फाडणे’. पण चौकातून एका वेळी वीस दुचाकीस्वार विनाहेल्मेट चालले असतील, तर त्यांतला कोण अडवायचा आणि कोण जाऊ द्यायचा, याबद्दल कायदा गप्प आहे. ती निवड शिट्टी वाजवणाऱ्या माणसाची. दंड कुणाला करावा, कुणाला सोडावे आणि सोडण्याचा हक्क मुळात कुणाचा, हा भारतीय धर्मविचारातला जुना वाद त्या निवडीत रोज निकाली निघत असतो, बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातही न येता.

रस्ता आणि दंड यांचा संबंध धर्मशास्त्राला नवा नव्हता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांचे एक छोटे प्रकरणच आहे. वेसण तुटली, जू मोडले, आख किंवा चाक मोडले, गाडी एका अंगाला कलंडली, अशा प्रसंगी गाडीवानाला दंड नाही. त्याने ‘बाजूला व्हा’ असे ओरडून सांगितले असेल, तरीही नाही. गाडीवान अडाणी असल्यामुळे अपघात झाला, तर दंड गाडीच्या मालकाला, दोनशे पण (त्या काळचे नाणे). गाडीवान तरबेज असेल तर जबाबदारी त्याची. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्याबद्दल आज पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड सांगणारे कलम 199 अ याच विचाराच्या वाटेवरचे आहे: चाक ज्याच्या हाती आहे त्याच्याआधी, ते ज्याने हाती दिले त्याला विचारायचे. कौटिल्याने माणसांची आणि लहान जनावरांची वाट अडवणाऱ्याला बारा पण दंड सांगितला आहे. राज्यकर्त्याला त्याने दिलेला सल्ला त्याहून महत्त्वाचा. दंड फार कडक असेल तर लोक धास्तावतात, फार मऊ असेल तर राजालाच जुमानत नाहीत. योग्य तेवढा दंड करणाराच पूज्य ठरतो. योग्य म्हणजे किती, हे मात्र सूत्रात बसत नाही.

माळव्याने या प्रश्नाला गोष्टीतून उत्तर दिले आहे. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या आडा बाजाराच्या नावामागे सांगितली जाणारी ही आख्यायिका तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. अहिल्याबाई होळकरांच्या मुलाच्या रथाखाली रस्त्यावरचे एक वासरू सापडून मेले. गाय तिथेच वासराजवळ बसून राहिली. मागून येणाऱ्या अहिल्याबाईंनी चौकशी केली, घडले ते कळले, आणि घरी येऊन त्यांनी सुनेला विचारले, की आईच्या डोळ्यांदेखत तिच्या लेकराला जो मारतो त्याला शिक्षा काय? सून म्हणाली, त्यालाही तसेच मरण. मग मुलाला हातपाय बांधून रस्त्यावर टाकायचा आणि रथाखाली घालायचा हुकूम झाला. कोणी सारथी पुढे येईना, तेव्हा बाई स्वतः रथावर चढल्या. पण ती गायच रथाच्या आड आली. हाकलली तरी पुन्हा येऊन उभी राहिली. कारभाऱ्यांनी त्याचा अर्थ सांगितला, की आणखी एका आईचे लेकरू मरावे असे हिला वाटत नाही, आणि रथ थांबला.

इतिहासात अहिल्याबाईंचा हा मुलगा, मालेराव, 1766 साली आजोबा मल्हाररावांच्या पश्चात गादीवर आले आणि 1767 मध्ये आजारपणात वारले. गोष्टीला दप्तराचा आधार शोधण्यात म्हणून अर्थ नाही. तमिळ परंपरेत मनुनीती चोळाची हीच कथा आहे आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात त्या राजाचा पुतळाही आहे. मात्र तिथे राजपुत्र खरोखर चिरडला जातो आणि नंतर शिवाच्या कृपेने उठतो. माळव्याच्या कथेत देव येत नाही, गाय येते, आणि या फरकात बराच विचार दडलेला आहे. अहिल्याबाई शिक्षा सौम्य करत नाहीत. पोटचा मुलगा म्हणून नाही, गादीचा वारस म्हणून नाही, वासरूच तर होते म्हणूनही नाही. त्यांच्या पदाला क्षमा शोभणारी नाही, कारण नुकसान त्यांचे झालेले नाही. क्षमा करते ती जिचे लेकरू गेले ती. दंड देणारा हात आणि माफ करणारा हात ही कथा वेगवेगळे ठेवते.

वाहतुकीच्या गुन्ह्याला हा निकष लावला की अडचण लगेच पुढे येते. सिग्नल तोडणारा, उलट्या दिशेने गाडी घालणारा किंवा दारू पिऊन हँडल धरणारा पकडला जातो, तेव्हा बहुधा कुणीच मेलेले नसते. वासरू अजून जिवंत आहे आणि गाय रस्त्यावर आलेलीच नाही. मग ‘जाऊ द्या साहेब, या वेळी’ या विनवणीला होकार देणारा पोलीस क्षमा करतो ती कुणाच्या वतीने? पुढच्या वळणावर ज्याला धडक बसू शकते त्या अनोळखी पादचाऱ्याच्या वतीने, आणि त्याला न विचारता. दुसऱ्याच्या खिशातून दान करण्याचा हा प्रकार आहे. 2022 या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. सोडून दिलेल्या गुन्ह्यांची किंमत यांतल्या काहींनी मोजलेली असणार, हे कबूल करावे लागते.

तरीही सूट हा शब्दच काढून टाकावा, असे यातून निघत नाही. इंदूरच्या आग्नेयेला, देवास जिल्ह्याच्या बागली भागातले उदयनगर हे त्याचे चांगले उदाहरण आहे. डोंगराळ मुलूख, भिल्ल-भिलाला वस्ती, दक्षिणेला नर्मदा. अमावास्येला नर्मदास्नानासाठी किंवा होळीआधीच्या भगोरिया हाटासाठी अशा भागातली माणसे निघतात ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आणि पिकअपच्या हौद्यात. ट्रॉली मालासाठी नोंदलेली असते, तिच्यात माणसे भरणे बेकायदा आहे. पण हवी तेव्हा बस नाही, आणि पर्वणी काही वेळापत्रकासाठी थांबत नाही. नाक्यावरच्या पोलिसासमोर चाळीस माणसांनी भरलेली ट्रॉली येते. त्यांत म्हाताऱ्या आहेत, कडेवर पोरे आहेत. ती अडवून सगळ्यांना भर उन्हात उतरवावे, तर स्नान चुकते आणि घरी परतायलाही साधन उरत नाही. जाऊ द्यावे, तर 1 ऑक्टोबर 2022 ला उत्तर प्रदेशात कानपूरच्या घाटमपूर भागात घडले ते आठवते. देवदर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची ट्रॅक्टर-ट्रॉली पाण्यात उलटून वीसहून अधिक जण दगावले, त्यांत बायका आणि मुलेच जास्त होती.

इथे गायीचा निकष थोडा वेगळा चालतो. ट्रॉलीत बसलेली माणसे धोका स्वतःच्या शिरावर घेत आहेत, तेव्हा त्यांची संमती ही एक प्रकारची क्षमाच मानता येईल, असे कुणी म्हणेल. मोठ्यांपुरते ते ऐकून घेता येते; कडेवरच्या पोराने संमती दिलेली नाही. शिवाय ज्याला दुसरा पर्याय नाही त्याच्या होकाराला फारसे वजन नसते. अशा ठिकाणी शहाणा अधिकारी काय करतो, ते कोणत्याही जत्रेच्या बंदोबस्तात दिसते: गर्दी कमी करायला लावतो, चालकाचे तोंड हुंगतो, घाटाआधी ट्रॉली थांबवतो, आणि चालान करायचेच तर बसलेल्यांना सोडून मालकाचे करतो. त्याने नियम पूर्ण पाळला नाही आणि सोडलाही नाही. नियम ज्या जिवांसाठी होता त्यांच्याकडे पाहून त्याने निर्णय घेतला. मात्र दर अमावास्येला तीच ट्रॉली येत असेल, तर दोष नाक्यावरच्या पोलिसाचा राहत नाही. बस न पाठवणाऱ्या राज्यव्यवस्थेचा तो दोष आहे, आणि तिच्या नावाने कुणी पावती फाडत नाही.

सूट मागण्याची नेहमीची भाषा गरजेची नसते, ओळखीची असते. ‘मी अमक्याचा भाचा’, ‘जरा बोला साहेबांशी’ म्हणत फोन पुढे केला जातो. सम्राट अशोक राजपुत्र असताना माळव्यातच, उज्जैनला, राजप्रतिनिधी होता. पुढे त्याच्या चौथ्या स्तंभलेखात व्यवहारसमता आणि दंडसमता यांचा आग्रह आला. न्यायाची रीत सारखी आणि शिक्षाही सारखी असावी, हा त्याचा आशय. मनुस्मृती याच्या उलट जातीपरत्वे दंड बदलते आणि तिची ही बाजू झाकून ठेवण्यासारखी नाही. पण तिच्यातच एक नियम असाही आहे, की सामान्य माणसाला जिथे एक नाणे दंड, तिथे राजाला हजार. 2019 च्या दुरुस्तीने कलम 210 ब आणले तेव्हा हाच न्याय, हजारपट नाही पण दुप्पट, कायद्यात उतरला: ज्याच्याकडे या कायद्याच्या अंमलाचे काम आहे त्यानेच नियम मोडला, तर त्याला दुप्पट दंड. विनाहेल्मेट ड्यूटीवर निघालेल्या शिपायाला हे कलम ठाऊक असतेच असे नाही.

समतेचा युक्तिवाद अपराधीही वापरतो. ‘माझ्यापुढचे दहा गेले, मलाच का पकडले?’ या तक्रारीत तथ्य आहे, बचाव नाही. दुसऱ्याला बेकायदा सवलत मिळाली म्हणून आपल्यालाही ती मिळावी, असा हक्क घटनेच्या कलम 14 मधून निघत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या चंदीगड प्रशासन विरुद्ध जगजितसिंह या निकालात घेतली. दहांना सोडले हा पोलिसाचा दोष असेल. त्यामुळे अकरावा निर्दोष होत नाही. निवडीमागे चेहरा, जात, गाडीची किंमत किंवा वशिला असेल, तर मात्र अकराव्याची तक्रार वेगळ्या जातीची होते. मग तो शिक्षेविरुद्ध बोलत नसतो, अपमानाविरुद्ध बोलत असतो. देवासच्या इतिहासात समतेची ही अडचण जमिनीवरच आखलेली होती. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने एकाच गावात नांदत होती. 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस असलेल्या ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने, एकाच रस्त्याच्या एका बाजूला एका दरबाराचा आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा अंमल असल्याचे नोंदवले आहे. 1948 मध्ये दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. रस्ता ओलांडला की हुकूम बदलण्याची सोय मात्र ओळखीपाळखीच्या रूपाने अजून टिकून आहे.

कायद्याने स्वतः दिलेल्या सवलतीही आहेत. कलम 129 नुसार पगडी बांधलेल्या शीख दुचाकीस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही. ब्रिटनने असाच अपवाद 1976 साली केला. ही सूट लिखित आहे, सर्वांना आधीपासून माहीत आहे आणि तिच्यातला धोका मुख्यतः घेणाऱ्याचाच आहे, म्हणून ती वशिल्याच्या सुटीपेक्षा निराळी. दसऱ्याला गाडीला हार घालून किंवा देवासच्या टेकडीवर देवीपुढे नवी मोटार नेऊन पूजा करणारा भाविक हेल्मेट डिकीत ठेवतो, तेव्हा त्याला असा कोणताही धार्मिक आधार नसतो.

दंडामुळे माणूस धार्मिक होतो का, हा यापुढचा प्रश्न. महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या भावांची कथा आहे. लिखिताने भावाच्या आश्रमातली फळे न विचारता खाल्ली. शंख म्हणाला, ही चोरी झाली, राजाकडे जाऊन शिक्षा माग. राजा सुद्युम्न त्याला सोडायला तयार होता. शिक्षा देण्याचा अधिकार राजाचा, तर क्षमेचाही त्याचाच, असा त्याचा युक्तिवाद होता. लिखिताने तो नाकारला. हात तोडले गेले आणि पुढे तपाच्या बळावर परत आले. हात तोडण्याची शिक्षा आज कुणी समर्थनीय मानणार नाही, पण कथेतले तत्त्व तेवढ्याने बाद होत नाही. राजा म्हणतो क्षमा माझी, अपराधी म्हणतो प्रायश्चित्त माझे, ते तुला काढून घेता येणार नाही. शिक्षा भोगलेला मनुष्य शुद्ध होतो, ही धर्मशास्त्राची धारणा याच्या मुळाशी आहे. 2019 च्या दुरुस्तीत तडजोड रकमेसोबत अपराध्याकडून समाजसेवा करून घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. प्रायश्चित्ताच्या कल्पनेला इतके जवळचे कलम या कायद्यात दुसरे नाही.

लिखितासारखे आपण होऊन चौकीवर जाणारे दुर्मीळच. बहुतेकांचे पालन नजरेपुरते असते: पोलीस दिसला की हेल्मेट डोक्यावर, वळण गेले की हातावर. इंदूरच्या हायकोर्ट चौकात नाचऱ्या पावलांनी वाहतूक सांभाळणाऱ्या हवालदाराने भीतीखेरीज कौतुकानेही माणसे थांब-रेषेमागे उभी राहतात, हे दाखवून दिले. पण त्याची बदली झाली की रेषा पुन्हा ओलांडली जाते. कॅमेऱ्याने नजर कायमची केली. कलम 136 अ ने इलेक्ट्रॉनिक देखरेखीला आधार दिला आणि चालान थेट मोबाईलवर येऊ लागले. कॅमेऱ्यासमोर भाचेपण चालत नाही, ही त्याची दंडसमता. बापाला दवाखान्यात नेणारा आणि शर्यत लावणारा त्याला सारखेच दिसतात, ही त्याची मर्यादा, म्हणून हरकत घ्यायला माणूस लागतोच. शर्यतवाल्याला आणि दारुड्याला सोडण्याचा अधिकार कुणालाच नसावा, कारण तिथे क्षमा करणारी गाय हजर नाही. कागद घरी विसरलेल्याला समज देऊन पाठवण्याचा अधिकार असावा, आणि तो वापरल्याची नोंद राहावी.

नोटा मुठीत देऊन केलेली तोडपाणी या दोन्हींत बसत नाही. तिच्यात राजाची क्षमा नाही आणि लिखिताचे प्रायश्चित्तही नाही. कलम 200 नुसार तडजोड रक्कम रीतसर भरली की त्या गुन्ह्याबद्दल पुढची कारवाई होत नाही. पावतीविना पैसे दिले तर मूळ गुन्हा तसाच उरतो आणि वर लाच देण्याचा दुसरा गुन्हा चढतो.