चुकलेल्या उत्तराची बाजू

०.२५ मोठे की ०.३? पाचवी-सहावीच्या कोणत्याही वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहिला, तर काही मुले ०.२५ म्हणतील, कारण पंचवीस तिनापेक्षा मोठे. त्यांच्या वहीत फुली पडते आणि अभ्यास कच्चा असल्याचा शेरा मिळतो. पण या मुलांनी अंदाजपंचे ठोकलेले नसते. पूर्ण संख्यांसाठी आजवर बिनचूक चाललेला नियम त्यांनी इमानेइतबारे पुढे नेलेला असतो. आता ०.३ म्हणणाऱ्यांकडे पाहू. त्यांतल्या काहींचा समज असा असतो की दशांश चिन्हापुढे अंक जितके कमी तितकी संख्या मोठी. त्यांना पूर्ण गुण मिळतात. त्यांनाच ०.४ आणि ०.७३५ यांतली मोठी संख्या विचारा, ती ०.४ सांगतील. म्हणजे एका चुकीच्या नियमाला फुली आणि दुसऱ्या चुकीच्या नियमाला शाबासकी. दशांश अपूर्णांकांवरच्या अभ्यासांत हे दोन्ही नियम वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा आढळले आहेत. मुले गणित आणि विज्ञान कशी शिकतात, या विषयावरच्या गेल्या अर्धशतकातल्या संशोधनाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा निष्कर्ष हाच: मुलाच्या चुकीमागे बहुधा तर्क असतो, आणि तो तर्क न तपासता शिकवलेले वरवरचे राहते.

‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ सालच्या अहवालात याचा ठळक पुरावा आहे. ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना पट्टीवर ठेवलेल्या वस्तूची लांबी विचारली होती. वस्तूचे टोक शून्यावर होते तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांनी बरोबर सांगितली. वस्तू शून्यापासून पुढे सरकवली आणि हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. पट्टी तीच, अंक तेच. या मुलांना पट्टी वाचता येत नव्हती असे म्हणता येणार नाही. लांबी म्हणजे दोन टोकांमधले अंतर, ही कल्पना अनेकांपर्यंत पोचलीच नव्हती. पोचली होती ती शेवटचा अंक वाचण्याची सवय. प्रश्न नेहमी शून्यापासूनच विचारला जात असेल, तर ही सवय उघडकीला येण्याचा मार्गच उरत नाही.

दोष मुलाच्या कुवतीचा नसतो, हेही संशोधनाने दाखवून दिले आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७४ साली स्थापन झाल्यावर थोड्याच काळात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील शाळांत काम सुरू केले. पाठ्यपुस्तकाची अवघड भाषाच ग्रामीण आणि वंचित मुलांना विज्ञानापासून दूर ठेवते, हे केंद्राच्या संशोधनातून पुढे आले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. किलो-पावाचे हिशेब तोंडी करणारी ही मुले कागदावरच्या साध्या भागाकारात अडली. उलट, केवळ शाळेत शिकणारी मुले बाजारी हिशेबात चाचपडली. या दोन गणितांमध्ये पूल नाही, आणि तो आपोआप बांधला जात नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत असा पूल बांधायला जागा आहे. कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ग्रामोदय संघामुळे या गावाचे नाव मातीकामाशी जोडले गेले. भाजल्यावर मडके पक्के का होते, असे आठवीच्या वर्गाला विचारले तर ‘त्यातले पाणी उडून जाते म्हणून’ हे उत्तर येणे स्वाभाविक आहे. ते अर्धे खरे आहे, म्हणून फुलीने मिटणारे नाही. उन्हात वाळवलेले एक मडके आणि आव्यात भाजलेले दुसरे, दोन्ही पाण्याच्या बादलीत ठेवावीत. पहिल्याचा चिखल होतो, दुसरे तसेच राहते. फक्त पाणीच उडाले असते, तर पाणी मिळताच दोन्ही मऊ व्हायला हवी होती. सुमारे पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला मातीच्या कणांच्या रचनेत बांधलेले पाणीही निघून जाते आणि ती माती पूर्वीची माती राहत नाही. कच्चे मडके पावसात विरघळते, हे कुंभाराच्या मुलाला ठाऊक असते. भौतिक आणि रासायनिक बदलांच्या पाठाशी ते नाते जोडून देणारा प्रश्न मात्र शाळेने विचारायला हवा.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, वेळ कुठे आहे? अभ्यासक्रम संपवण्याचे दडपण खरे आहे. पण पायाच चुकला असेल तर तोच घटक पुढच्या वर्षी पुन्हा शिकवावा लागतो; वाया जाणारा तो वेळ कुणी मोजत नाही. दुसरा, चुकांची चर्चा केली तर त्याच डोक्यात पक्क्या होतील. अनुभव बहुतांशी उलट आहे. चुकीची समजूत समोर मांडून ती का टिकत नाही हे दाखवणारे पाठ, फक्त बरोबर माहिती देणाऱ्या पाठांपेक्षा अधिक परिणामकारक ठरल्याचे अनेक अभ्यास सांगतात. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना माती आणि जंगलातच अडकवायचे का? त्यांनाही वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा द्यायची आहे, अभियंता व्हायचे आहे. ही आकांक्षा रास्त आहे, आणि बाजारातल्या मुलांचा अभ्यासही सांगतो की अनुभव एकटा पुरत नाही. म्हणूनच मडक्यापाशी थांबायचे नाही. तिथून सुरुवात करून रासायनिक समीकरणापर्यंत जायचे. पण सुरुवात मुलाच्या समजुतीपासून झाली नाही, तर समीकरण फक्त पाठ होते.

यासाठी नवी योजना किंवा महागडी प्रयोगशाळा लागत नाही. आकारिक मूल्यमापनाची तरतूद आहे, केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदा आहेत, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत. प्रत्येक परिषदेत एकच प्रश्न घ्यावा, सगळ्या शाळांतली चुकीची उत्तरे समोर ठेवावीत आणि प्रत्येक उत्तरामागचा नियम शिक्षकांनी मिळून शोधावा. ‘किती मुलांना आले’ याच्या जोडीला ‘ज्यांना आले नाही, त्यांनी काय विचार केला’ हा रकानाही अहवालात असावा. पालकांनीही मुलाच्या वहीतली फुली दिसली की रागावण्याआधी एवढेच विचारावे: हे उत्तर तू कसे काढलेस? आणि तो सांगू लागला की पूर्ण ऐकून घ्यावे.